सिग्नल पडला

परवा चौकात रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबला आणि वैतागून म्हणाला, "पडला सिग्नल!" म्हणजे लाल झाला. मला मागे बसल्या बसल्या हसू आलं. मी ज्या गावात वाढलो तिथे सिग्नल पडला की गाडी यायची.

आमचं स्टेशन सिंगल लाइनवरचं. खांबावर लाल रंगाचा, पांढऱ्या पट्ट्याचा लाकडी हात आडवा असायचा. केबिनमधून कुणी तरी दांडा ओढला की रुळाकडेची तार ताणली जायची, कप्प्या कुरकुरायच्या आणि तो हात झोकांडी खाऊन खाली यायचा. फलाटावर एकदम धावपळ. बायका पिशव्या उचलायच्या, नळावर गेलेल्या पोराला हाका जायच्या, "ये लवकर, सिग्नल पडला!" तो पडणं ही शुभवार्ता होती.

माझा मामा गार्ड होता. त्याच्यासमोर 'सिग्नल पडला' म्हटलं की तो शिक्षकासारखा भुवई उडवायचा. त्यांच्या नियमांच्या पुस्तकात सिग्नल पडत नाही, उठत नाही. तो 'ऑन' असतो नाही तर 'ऑफ' केलेला असतो. आणि गंमत अशी की ऑन म्हणजे थांब. घरात बटण ऑन केलं की दिवा लागतो, पंखा फिरतो. यांच्याकडे ऑन म्हणजे सगळं ठप्प. मी म्हटलं, "मामा, हे उलटं नाही का?"

"उलटं कसलं? सिग्नलचं काम थांबवणं. तो ड्युटीवर आहे म्हणजे ऑन. त्याची ड्युटी थोडा वेळ उतरवली, की गाडीनं जायचं."

हे त्याचं घरगुती भाष्य होतं, पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही. पण मला ते अजून पटतं. कारण तो हात आपला आपण आडवाच राहायला बघतो. तार तुटली तर तो लोंबत पडत नाही, वजनामुळे परत आडवा होतो. म्हणजे यंत्रणेत काही बिघडलं तर उत्तर 'थांब'च यावं, अशी सोय. ही अक्कल रेल्वेला फुकटात आलेली नाही. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडमध्ये अ‍ॅबट्स रिप्टनजवळ बर्फवृष्टीत सिग्नलचे हात 'जा' याच स्थितीत गोठून बसले होते. तेव्हा तिकडे ते एरवीही खाली पडलेले असत आणि धोका असेल तेव्हाच आडवे होत. बर्फानं त्यांना आडवं होऊच दिलं नाही. गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर नेहमीची स्थिती धोक्याची ठेवायची आणि वाट मोकळी असल्याची खात्री झाली तरच हात खाली आणायचा, असं ठरत गेलं.

दुसरा आमच्या मराठीचा लाडका शब्द म्हणजे हिरवा कंदील. वर्तमानपत्रात रोज कुणी तरी कुठल्या तरी प्रकल्पाला तो दाखवत असतं. मामा ती बातमी वाचून विचारायचा, "आणि स्टार्टर?" फलाटाच्या टोकाचा स्टार्टर सिग्नल लाल असेल तर गार्डनं कंदील किती का हलवेना, ड्रायव्हरनं जागचं हलायचं नसतं. मुळात तसा असताना गार्डनं तो दाखवायचाच नसतो. कंदील सांगतो, माझ्याकडून सगळं ठीक. पुढची लाइन मोकळी आहे की नाही हे तो सांगतच नाही. कंदील मिळालेले आपले कितीतरी प्रकल्प वर्षानुवर्षं फलाटावरच उभे का असतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

त्यातही ब्रिटनमध्ये सुरुवातीची कित्येक दशकं हिरवा म्हणजे 'जपून' असायचा. 'बिनधास्त जा' यासाठी पांढरा दिवा. मग लक्षात आलं की लाल काच फुटली तर आतला दिवा पांढराच दिसतो. शिवाय गावातल्या रस्त्यावरचा दिवाही पांढराच. ड्रायव्हरनं कुठल्या पांढऱ्यावर विश्वास ठेवायचा? एकोणिसावं शतक संपता संपता पांढरा बाद झाला, हिरव्याला बढती मिळाली आणि 'जपून'च्या रिकाम्या जागेवर पुढे पिवळा आला.

पिवळ्याचा हिशेब मला फार आवडतो. आपल्याला वाटेल, एक पिवळा म्हणजे सावध आणि दोन पिवळे म्हणजे दुप्पट सावध. तसं नाही. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं जा. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल ओलांडता येईल, फक्त ठरवून दिलेल्या कमी वेगानं. म्हणजे दोन पिवळे एकापेक्षा बरे. मामीनं घरात एकदा हाक मारली तर मामा ताडकन उठायचा. लागोपाठ दोनदा मारली तर "येतो गं" म्हणून पेपरचं पान उलटायचा. माझ्या मते त्याचं हे वागणं नियमाला धरूनच होतं.

प्रवाशांची भाषा वेगळीच चालते. स्टेशनच्या अलीकडे गाडी थांबली की फोनवर सगळे एकच सांगतात, "आउटरला उभी आहे." आताच्या रंगीत दिव्यांच्या स्टेशनांवर आधी डिस्टंट येतो, मग होम. आउटर नावाचा सिग्नल तिथे नसतोच. पण "होमला उभी आहे" म्हटलं तर बायको म्हणेल, होमला आहेस तर जेवायला का नाहीस. तेव्हा आउटरच बरा.

इंजिनात मात्र अशी मोघम भाषा चालत नाही. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्यानं बोलून दाखवतात. दोघांना दिवा दिसत असतो. तरी बोलायचं. डोळ्यांना सवयीनं हिरवा दिसू शकतो, तोंडातून 'हिरवा' म्हणताना माणूस एकदा नीट बघतो.

२०२२ मध्ये रेल्वेनं गार्ड हे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. मामा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी म्हणाला, "म्हणजे मी आता रिटायर्ड मॅनेजर." मामी आतून म्हणाली, "घरात गार्डच राहा. मागच्या डब्यात."

मागच्या मंगळवारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. वाटेत फाटक बंद. स्कूटर बंद करून थांबलो. मालगाडी आली, डब्यांमागून डबे धडधडत जायला लागले. निम्मी गाडी गेली नसेल तोवर आजूबाजूच्यांनी किका मारायला सुरुवात केली. मामाचं लक्ष मात्र गाडीच्या शेपटाकडे. शेवटच्या डब्यामागे खूण असते, प्रवासी गाडीला मोठी फुल्ली, नाही तर एल. व्ही. म्हणजे 'लास्ट व्हेइकल', शेवटचा डबा, असं लिहिलेली पाटी. ती दिसली तरच गाडी सबंध आली असं स्टेशन मास्तर धरतो. नाही दिसली, तर मधेच कपलिंग तुटून काही डबे मागे रुळावर राहिले असतील, आणि मागच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे यायची परवानगी, देता येत नाही.

फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. मी किक मारणार, एवढ्यात मामानं माझा खांदा दाबून धरला.

"थांब. चष्म्यातून नीट दिसलं नाही. पाटी होती ना?"

"होती."

"तू बघितलीस?"

मी बघितली नव्हती. तसं सांगितल्यावर तो स्कूटरवरून उतरला आणि फाटकवाल्याला विचारायला गेला.