कन्व्हर्टर काढून टाकायचा की बदलायचा?

गाडीचा चेक इंजिनचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा स्कॅनरवर पी०४२० हा कोड (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची संगणकाची नोंद) आला आणि चार महिन्यांनी त्याच्या जोडीला पी०४३० आला. माझ्या गाडीचे इंजिन व्ही-६ आहे, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन बँका आणि प्रत्येक बँकेच्या एक्झॉस्टला स्वतंत्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पहिला कोड पहिल्या बँकेचा आणि दुसरा दुसऱ्या बँकेचा. दोन नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार ते काढून टाकण्याचाच आला, हे आधीच मान्य करते. ज्या मेकॅनिककडे मी गेले होते त्यानेही तेच सुचवले: आतली जाळी फोडून काढू, नळी पुन्हा वेल्ड करू, कन्व्हर्टरच्या मागे असलेल्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून जरा लांब ठेवणारा तुकडा) लावला की दिवा विझेल आणि गाडीचा पिकअपही वाढेल. मी त्याला थांबायला सांगितले, कारण जी वस्तू काढून टाकायची ती नेमके काय करते हे मला नीट ठाऊक नव्हते.

कन्व्हर्टरच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक छिद्रे असलेला ठोकळा असतो. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण असतात. पेट्रोल इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे तिथे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. ही कामे एकाच वेळी व्हायची तर इंजिनातील हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ या आकड्याच्या अगदी जवळ राहावे लागते, आणि ठोकळा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज तो धड काम सुरूच करत नाही.

उत्प्रेरक, म्हणजे इथे ते धातू, स्वतः खर्ची पडत नाही, हे शाळेत शिकलेले वाक्य मला इथे फार उपयोगी पडले. कन्व्हर्टर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू थकतो हे खरे, परंतु तो अकाली निकामी झाला असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या कशाने तरी त्याचा घात केलेला असतो. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करावे लागले, कारण शिसे त्या धातूंवर लेप धरून त्यांना निरुपयोगी करते. आज शिसे नाही, पण इंजिन ऑइल जाळणाऱ्या गाडीतून फॉस्फरस आणि जस्त तिथे जाऊन बसतात, आणि हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तर त्यातील सिलिकेटही. सर्वांत वाईट म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे. न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तिथले तापमान इतके चढते की ठोकळा वितळून छिद्रेच बुजतात.

म्हणून दोन्ही कोड आले की दोन्ही कन्व्हर्टर गेले, असा थेट निष्कर्ष काढू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. कोड इतकेच सांगतो की त्या बँकेची कार्यक्षमता संगणकाला मर्यादेखाली गेलेली दिसली. कन्व्हर्टरमधील सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो. त्यामुळे कन्व्हर्टरच्या आधी असलेल्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होत असतानाही मागच्या सेन्सरची रेषा साधारण स्थिर राहते. मागची रेषा पुढचीसारखीच नाचू लागली की संगणक कोड नोंदवतो. मात्र एक्झॉस्टच्या जोडातील गळतीतून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी सेन्सर फसतो आणि कन्व्हर्टर धडधाकट असूनही दोषी ठरतो.

दुसऱ्या एका मेकॅनिककडून मी तपासणी करून घेतली. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. इंजिन नुसते सुरू ठेवून गाडी उभी असताना दाब सर्वसाधारणपणे १.५ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आत आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर असताना ३ च्या आत असावा, असा ढोबळ नियम आहे. पहिल्या बँकेत काटा त्याच्या बराच पुढे गेला. चढावर गाडी उचलत नव्हती त्याचे कारण इथे होते. याच बँकेतील एका सिलिंडरची इग्निशन कॉइल बिघडल्याने गाडी काही आठवडे थरथरत होती आणि मी ती तशीच चालवली होती. तो दुर्लक्षाचा काळ आजही मला खुपतो, कारण एका कॉइलच्या दुरुस्तीत हे सारे टळले असते. दुसऱ्या बँकेत मात्र दाब योग्य होता. तिथे फ्लँजचे, म्हणजे नळ्यांच्या जोडाच्या कडेचे, गॅस्केट जळून जोड गळत होता, आणि थंड इंजिन सुरू करताच कान देऊन ऐकल्यास फट-फट असा आवाज येत होता.

आता काढून टाकण्याचा पर्याय. पिकअप वाढेल हे मेकॅनिकचे म्हणणे एका अर्थी खरे होते, पण ते तुंबलेला कन्व्हर्टर काढल्यामुळे. मोकळा, नवा कन्व्हर्टर बसवला तरी तेच मिळते, कारण मूळ बनावटीचा निरोगी ठोकळा वायूला फारसा अडवत नाही. अनेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणे बेकायदा आहे आणि धूर तपासणीत अशी गाडी नापास होते. स्पेसर लावून दिवा विझवला तर धूर साफ होत नाही हे संगणकाला कळणार नाही. पण माझा निर्णय या कारणांनी झाला नाही. एक्झॉस्टचे तोंड जमिनीजवळ असते, त्यामुळे लहान मुलाचा चेहरा मोठ्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या जास्त जवळ असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माझा खर्च वाचावा म्हणून तो वायू माझ्या गाडीमागून चालणाऱ्या माणसांनी श्वासात घ्यावा, हे मला पटण्यासारखे नव्हते.

बदलायचे ठरल्यावरही घाई केली नाही. आधी कॉइल आणि पहिल्या बँकेचे तिन्ही स्पार्क प्लग बदलले, इंधनाचे प्रमाण स्कॅनरवर पाहिले, ऑइल किती कमी होते ते दोन आठवडे रोज डिपस्टिकवर तपासले. कारण मूळ बिघाड तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूंचे प्रमाण बरेचदा कमी असते आणि काही महिन्यांत तोच कोड परत येऊ शकतो, म्हणून मी गाडीच्या इंजिनासाठी प्रमाणित असलेलाच घेतला. बसवताना सिलिकॉनचा साधा सीलंट वापरू दिला नाही, त्याने सेन्सर खराब होतात. दुसऱ्या बँकेत फक्त गॅस्केट आणि गंजलेले बोल्ट बदलले.

कोड पुसल्यानंतर संगणकाची स्वयंतपासणी पूर्ण व्हायला काही दिवसांचे मिश्र चालवणे लागले: थंड इंजिनाने सुरुवात, थोडा वेळ एकसारखा वेग, थोडा वेळ थांबत-थांबत. शेवटी स्कॅनरवर दोन्ही बँकांच्या मागच्या सेन्सरची रेषा ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ चालत होती, आणि दुसऱ्या बँकेचा जुना कन्व्हर्टर अजूनही त्याच जागी काम करतो आहे.