जेवलीस का?

लग्नात सहाशे पान उठलं, दोन्हीकडच्या आत्या-मावश्या मानपानावरून रुसल्या आणि परत हसल्या पण, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहितीये की हिचं लग्न झालंय, आणि तरी सव्वा वर्षानंतर मी पुण्यात एका ट्रान्सलेटर काकांसमोर बसून "जेवलीस का" चं इंग्रजी करून घेत होते. कारण काय तर आमचं लग्न खरं आहे हे ब्रिटनच्या होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याला, पटवायचं होतं.

बऱ्याच जणी या व्हिसाबद्दल मेसेज करून विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधी एक गोष्ट क्लिअर करते, नवरा तिकडे स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर तुमचा डिपेंडंट व्हिसा, त्याचे नियम वेगळे, त्यात मी अर्ज केला तेव्हा (२०२५) इंग्लिशची टेस्ट नव्हती आणि खाली लिहिलेली पगाराची भानगडही नव्हती (केअर वर्कर असेल तर मात्र मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्यांना बायकोपोरांना नेताच येत नाही). माझा नवरा लेस्टरला, त्याचं आयएलआर झालेलं, म्हणजे तो तिथे कायमचा, म्हणून आमचा स्पाउस व्हिसा. लोकांना वाटतं कायमचा आहे म्हणजे सोपं असेल. उलटं आहे.

आमचं लग्न फेब्रुवारी २०२४ चं. तेव्हा नवऱ्याचा पगार वर्षाला किमान १८,६०० पौंड असला की पुरायचा, २०१२ पासून तोच आकडा होता, आणि ह्याला २७,५०० होता, म्हणजे आरामात बसत होतो. ११ एप्रिलपासून आकडा २९,००० होणार हे आधीच जाहीर झालेलं, त्याआधी अर्ज गेला असता तर जुन्याच नियमात बसलो असतो. हातात जवळपास दोन महिने होते. ते दोन महिने मी कशात घालवले? नावात.

पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. एका एजंटने छातीठोकपणे सांगितलं की मॅडम आधी पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लावून घ्या नाहीतर रिजेक्ट होणार. मग मॅरेज सर्टिफिकेटच्या मागे लागले, तर त्यात सासऱ्यांच्या नावात एक काना जास्त पडलेला, ते दुरुस्त करायला ग्रामपंचायतीत चार चकरा, कधी ग्रामसेवक मीटिंगला तर कधी लाइट नाही. एप्रिल उलटून गेला. नंतर नियम नीट वाचले तर नाव बदलायची काही गरजच नव्हती, माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव असतंच. एजंटची फी गेली ती गेली, वर वर्ष गेलं.

मग २९,००० चा डोंगर. मी पुण्यात नोकरी करत होते, पगार बरा होता, म्हटलं दोघांचं मिळून दाखवू. नाही चालत, बाहेरून अर्ज करताना माझा इथला पगार शून्य धरतात. पगार नसेल तर सेव्हिंग्ज दाखवा म्हणतात, ते ८८,५०० पौंड, आणि तेही सहा महिने स्वतःच्या ताब्यात असलेले. आमच्या सात पिढ्यांनी मिळून एवढे नसतील पाहिले.

नोव्हेंबरात ह्याला नवीन वेअरहाऊसमध्ये ३१,००० ची नोकरी लागली आणि मी हुरळून त्याच आठवड्यात व्हिसाला लागणारी टीबीची टेस्ट करून आले, छातीचा एक्स-रे, सर्टिफिकेट, सगळं. मग कळलं की ऑफर लेटर पुरत नाही, एकाच नोकरीत सहा महिने झाले पाहिजेत, सहा पेस्लिप पाहिजेत आणि प्रत्येक पेस्लिपमधली रक्कम बँक स्टेटमेंटला जशीच्या तशी दिसली पाहिजे. सहा महिने नसतील तर मागच्या बारा महिन्यांची एकूण कमाई २९,००० भरली पाहिजे, तीही जुन्या पगारामुळे थोडक्यात हुकत होती. आणि टीबीचं सर्टिफिकेट किती दिवस चालतं? सहाच महिने. मे २०२५ मध्ये परत एक्स-रे.

इंग्लिशचं पण ऐका. मी एमकॉम, इंग्लिश मीडियम, पण युनिव्हर्सिटीकडून तसं पत्र येईना म्हणून गपचूप ए-वनची, म्हणजे इंग्लिशच्या पहिल्या पायरीची, टेस्ट दिली. फक्त बोलणं आणि ऐकणं, जोडीने बसवतात, माझ्यासोबत एक पंजाबी ताई होत्या, त्यांना घाम फुटलेला आणि मला हसू.

आता लग्न खरं असल्याचा तो पुरावा. ठरवून झालेलं लग्न, लग्नानंतर तो तीन आठवड्यांत परत गेला, मग मधे एकदा दिवाळीला आला, फोटो ते तेवढेच. बाकी सगळा संसार व्हॉट्सॅपवर आणि तोही मराठीत, आणि इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं सर्टिफाइड भाषांतर लागतं, त्यावर ट्रान्सलेटरची सही, तारीख, पत्ता. पानामागे पैसे, म्हणून दर महिन्याचं एकेक पान निवडायला बसले तर लक्षात आलं की आम्ही पंधरा महिने तीनच वाक्यं बोललोय. जेवलीस का. थंडी आहे का तिकडे. ठेवते, आई आल्या. भांडण मात्र भरपूर होतं, ते द्यायचं की नाही यावर परत भांडण झालं. काका म्हणाले द्या एक पान, खोटं लग्न करणारे कशाला भांडतील.

फी तेव्हा (२०२५) १,९३८ पौंड होती आणि तिथल्या सरकारी दवाखान्याचे आगाऊ ३,१०५, म्हणजे आपले पावणेसहा लाखांच्या आसपास, अर्ज भरतानाच. बोटांचे ठसे पुण्यातच झाले. अकरा आठवड्यांनी मेल आला तेव्हा मी दळण आणायला गेले होते.

व्हिसा तेहतीस महिन्यांचा आहे, त्यानंतर परत अर्ज, परत फी, इंग्लिश एक पायरी वरचं, आणि यावेळी पुरावा पाहिजे एका पत्त्यावर राहत असल्याचा, म्हणजे दोघांच्या नावाने येणारी पत्रं. म्हणून इथे लेस्टरला आल्या आल्या गॅसच्या बिलावर माझं नाव घालून घेतलं. पहिलं बिल परवा आलं. आडनाव चुकलंय.