एका जुन्याशेजारी एकच नवा

मंगळवार, रात्री उशिरा

आज दुपारी गुंतवणूकदारांबरोबर बैठक झाली आणि आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भरतीचा आकडा मी खाली आणून घेतला. वर्षअखेरपर्यंत माणसं दुप्पट करायची असं ठरत आलं होतं. मी दीडपटीवर थांबले. बँकेत पैसे आहेत, मागणी आहे, सांगली-सोलापूरकडचे दूध संघ स्वतःहून विचारणा करतायत, हे सगळं त्यांनी मला ऐकवलं आणि ते खरंच आहे. पण माझा हिशेब वेगळा होता. कामात मुरलेली माणसं आमच्याकडे किती आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाशेजारी एका वेळी एकच नवा माणूस बसवला तर वर्षभरात किती जण तयार होतील? ते गणित दीडपटीच्या पुढे जात नाही.

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. पहाटे कॅन घेऊन लोक रांगेला उभे असतात. काट्यावर वजन, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दरपत्रकातून दर, हातात पावती, की पुढचा. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून सांगतात. त्याखाली पॉइंट उतरला की पैसे कापले जातात. दहा दिवसांनी बिल निघतं. पशुखाद्य आणि उचल वळती होऊन जे उरेल ते शेतकऱ्याचं. आमच्या प्रोग्रामात एक दशांश इकडचा तिकडे झाला तर तो कुणाच्या तरी किराणात दिसतो. नव्या माणसांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. सगळे मान डोलावतात. पटतं मात्र पुढे कधीतरी, आणि ते माझ्या सांगण्याने नाही.

गेल्या महिन्यात मोठ्या कंपनीतून आलेला एक हुशार इंजिनिअर पहाटेच्या सपोर्टला बसला होता. आमच्याकडे ही पाळी सगळ्यांना आहे. शेजारी आमच्या सपोर्टच्या ताई होत्या, अगदी सुरुवातीपासूनच्या. फोन आला, केंद्राचे सचिव घाईत बोलत होते, ‘पावती निघंना हो, कवाचं बघतोय.’ मुलाने लगेच कोणतं व्हर्जन आहे ते विचारायला सुरुवात केली. ताईंनी हेडफोन आपल्याकडे घेतला आणि पहिला प्रश्न केला, ‘दादा, रांगेत किती जण हायेत?’ तिकडून उत्तर आलं, पंधरा-वीस तरी असतील. ‘मग आधी वहीत लिहून घ्या, दूध थांबवू नका. रांग सरली की फोन करा, आपण दोघं मिळून भरू.’ प्रिंटरचं काय बिघडलं होतं ते त्यांनी नंतर सावकाश पाहिलं.

रांगेचा हा प्रश्न आमच्या कुठल्याही मॅन्युअलात लिहिलेला नाही. लिहिला असता तर यादीतला एक मुद्दा म्हणून वाचून विसरला गेला असता. पण त्या मुलाने तो कानांनी ऐकला, पलीकडच्या माणसाचा आवाज खाली आलेलाही ऐकला. पुढच्याच आठवड्यात डिझाइनच्या बैठकीत त्याने स्वतः हट्ट धरला की प्रिंटर बंद पडला तरी नोंद चालूच राहिली पाहिजे आणि पावत्या मागाहून निघाल्या पाहिजेत. कुणीतरी म्हणालं, हे पुढच्या रिलीजला करू. तर हा म्हणतो, ‘रांगेत किती जण उभे असतील?’ मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी बैठकीत काही बोललेच नाही. माझ्यापासून चार पायऱ्या लांब असलेल्या माणसाच्या तोंडी ताईंचा प्रश्न आला होता. मला जे जपायचंय ते नेमकं हेच. भिंतीवर लावायचं वाक्य नाही, एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसून उचललेली रीत.

आणि ही रीत उचलायला वेळ लागतो. एकदम वीस जण आले की ते ताईंच्या शेजारी बसत नाहीत, एकमेकांच्या शेजारी बसतात. मग प्रत्येक जण आपापल्या जुन्या कंपनीची रीत आणतो आणि महिन्याभरात तीच इथली रीत होते. त्यांत त्यांचा काही दोष नसतो.

बैठकीत मी दोन उदाहरणं दिली. एक अमेरिकेतल्या गोर कंपनीचं, गोर-टेक्स हे पाणी आत न येऊ देणारं कापड बनवणारी. बिल आणि व्हीव्ह गोर या नवरा-बायकोने 1958 साली डेलावेअरमध्ये स्वतःच्या घराच्या तळघरात ती सुरू केली. एका कारखान्यात माणसं दीडशे-दोनशेच्या आसपास गेली की बिल गोर तिथेच वाढवत बसत नसत, दुसरा कारखाना काढत. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस नेमून दिलेला असतो, त्याला वाट दाखवायला.

दुसरं घरचं. लिज्जत. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात एका चाळीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. आज त्यांच्या हजारो सभासद भगिनी आहेत, आणि पापड अजूनही हाताने, घरोघरी लाटला जातो. मला त्यांच्या कामाची वाटणी फार शहाणपणाची वाटते. पीठ शाखेतच मळलं जातं, मालाचा दर्जा एकच. लाटायचं काम घरी न्यायचं, वाळलेला पापड शाखेत आणायचा, तिथे तो तपासून घेतला जातो. काम करणारी प्रत्येक जण मालकीण. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड काढायच्या, एक स्वस्त आणि एक भारी. त्यांना वाट दाखवणारे समाजसेवक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी ते धरून ठेवलं. मोठं होताना कशाला हात लावू द्यायचा नाही आणि काय लोकांच्या हाती सोपवायचं, हे इतक्या लवकर ठरवलेल्या संस्था मला फार थोड्या माहीत आहेत.

आमचं पीठ म्हणजे पहाटेचा फोन. तो बाहेरच्या एजन्सीला द्यावा, खर्च निम्म्यावर येईल, अशी सूचना आजही आली. मी नाही म्हटलं. बाकी पुष्कळ गोष्टी मी आनंदाने सोडते आहे. सगळे एका टेबलावर जेवायचे, ते आता जमत नाही, त्याचं मला दुःख नाही. खोलीतून ओरडून निर्णय घेण्याची पद्धत गेली, बरं झालं. हळू बोलणारी माणसं त्यात मागे पडायची. ज्याला घासाघीस जमेल त्याला जास्त पगार, हेही बंद करून पगाराच्या श्रेण्या लावल्या. त्यावर आमच्यातला एक जुना सहकारी परवा माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाला, ‘पहिल्यासारखं राहिलं नाही गं.’ मी त्याला बसवून चहा मागवला आणि विचारलं, नेमकं काय राहिलं नाही? बराच वेळ बोललो. त्याला आठवत होतं ते मुख्यतः हे, की पूर्वी प्रत्येक बातमी त्याला सगळ्यांत आधी कळायची. त्याचं वाईट वाटणं खरं आहे. त्याने या कंपनीसाठी रात्री काढल्यात. पण ती गोष्ट मला परत आणता येणार नाही. त्याच्याकडचं जे मला हवंय ते दरपत्रकं वाचायचं त्याचं डोकं. कोणत्या संघाचं दरपत्रक कुठे दगा देतं हे त्याला जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. मी त्याला म्हटलं, पुढचे सहा महिने दोन नवी माणसं आलटून पालटून तुझ्या शेजारी बसतील. तो लगेच हो म्हणाला नाही. आज संध्याकाळी मेसेज आला, आधी कुणाला पाठवतेस?

गुंतवणूकदारांपैकी एक जण शेवटी म्हणाले, तुमचं म्हणणं समजतं, पण बाजार थांबत नाही. बरोबर आहे. त्यासाठीच जुन्या माणसांचा एक दिवस मी आठवड्यातून मोकळा करते आहे, फक्त शिकवायला. त्या दिवशी त्यांच्याकडून दुसरं काम मागायचं नाही. असं वर्षभर चाललं तर पुढच्या वर्षी शेजारी बसवायला जास्त माणसं असतील आणि तेव्हा मी आकडा स्वतःहून वाढवीन. हे त्यांना लेखी द्यायचं कबूल केलंय.

उद्याची कामं: जोड्यांची यादी पक्की करणे. एजन्सीला नकाराचं पत्र. शनिवारी संगमनेरकडच्या केंद्रावर नव्या तुकडीला न्यायचंय, पहाटे पोचायचं तर रात्रीच निघावं लागेल, गाडी सांगून ठेवायला हवी. नवीन विक्रीप्रमुखांनी विचारलंय की त्यांनीही यायलाच हवं का. हो, आणि काट्यावर उभं राहायला पहिले तेच.