आमची वाटचाल : चारी बाजूंनी दोन सूत

दुकानात शिरलं की डाव्या हाताला खिळ्याला पितळेचा एक ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायचं दोरीचं वजन, टांगलेला आहे. दोरी तीनदा बदलली, वजन तेच. दर महिन्याला कोणीतरी विचारतं, विकता का म्हणून. विकायचा नाही. तो काकांचा आहे, आणि पंचवीस वर्षांची गोष्ट लिहायची तर तिथूनच सुरुवात करावी लागेल, माझ्यापासून नाही.

मी नागपुरात इतवारीजवळ अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडे सहा वर्षं काढली. सेक्शन, म्हणजे फ्रेमच्या लांब पट्ट्या, कापायला, काच लावायला, मालकाच्या शिव्या खायला तिथेच शिकलो. १९९९ च्या दसऱ्याला वणी तालुक्यात आपल्या गावी परत आलो तेव्हा खिशात एक जुनं दहा इंची कटर घेण्याइतके पैसे होते आणि बसायला जागा नव्हती. जागा काकांनी दिली. काका म्हणजे आमच्या नात्यातले कोणी नव्हेत. गावचे सुतार. सागवानी चौकटी आणि पल्ले, म्हणजे झडपा, करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पण सागवान महाग होत चाललं होतं आणि चौकटीचं गिऱ्हाईक कमी. त्यांच्या सुतारकामाच्या छपरीत एका बाजूला त्यांचा रंधा आणि दुसऱ्या बाजूला माझं कटर. नफा निम्मा-निम्मा. कागद केला नाही, कधी लागलाही नाही.

सेक्शन नागपूरहून एस.टी.च्या टपावर यायचे. बारा फुटी बंडल गोणपाटात गुंडाळून दोरीने आवळायचं आणि दर स्टँडवर उतरून पाहायचं. काच मात्र ट्रकवाल्याच्या पाया पडून आणावी लागे. दहातल्या दोन फुटलेल्या निघायच्या आणि त्या आपल्याच.

पहिली दोन वर्षं लोक हसले. आपल्याकडे अॅल्युमिनियमला 'जर्मन' म्हणतात, जर्मनचं पातेलं, जर्मनची थाळी. एका पाटलांनी माझा नमुना बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "खिडकी जर्मनची? पोरा, याच्यात भात शिजवू का?" काका शेजारी तंबाखू मळत बसले होते. तेच म्हणाले, "शिजवा ना. सागवानात त शिजत नाही, वाळवी खाते फक्त." पहिली ऑर्डर त्याच पाटलांनी दिली.

आता कामाचं. खिडकी बनवणं सोपं आहे, भोकात बसवणं अवघड आहे, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. नवीन पोरगा मिस्त्रीने सांगितलेलं माप घेऊन येतो, सहा बाय चार, आणि बरोब्बर सहा बाय चारची फ्रेम कापतो. मग ठोकून ठोकून बसवतो. काकांनी मला पहिल्याच कामावर थांबवलं. ओपनिंगच्या, म्हणजे भिंतीतल्या भोकाच्या, वर, मध्ये, खाली अशी रुंदी तीनदा घ्यायची. उंचीही तीनदा. यातलं सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातून चारी बाजूंनी दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, सोडायचे. मग दोन्ही कर्ण मोजायचे. मग ओळंबा सोडायचा. मिस्त्री म्हणायचा, भिंत सरळ आहे, मी स्वतः उभी केली. काका ओळंब्याकडे बोट दाखवायचे. "याले इचार."

त्या दोन सुतांवरून आजही गिऱ्हाइकांशी वाद होतात. फट काऊन ठेवली, माल वाचवला का? दादा, आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे दहा अंश असतं आणि मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेल्या काळ्या सेक्शनवर हात ठेववत नाही. पन्नास अंशांचा फरक पडला की बारा फुटी सेक्शन चार मिलीमीटर लांब होतो, म्हणजे सव्वा सूत. काच त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. म्हणून काचेभोवती रबर आणि फ्रेमभोवती सिलिकॉन. तिथे पांढरं सिमेंट भरून घेणारे महाभाग आहेत. ओलं सिमेंट अॅल्युमिनियम खातं, वर्षभरात पांढरे चट्टे उठतात, आणि मग फोन मला येतो.

मावशीबद्दल लिहायचंच आहे.

२००६ च्या हिवाळ्यात एक बाई दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत कापूस विकल्याची पट्टी आणि पैसे. घर बांधत होत्या, एकट्या, दरवर्षी थोडं. सात खिडक्या धरलेल्या, पैसे एका खिडकीचे. म्हणाल्या, "एकच बसवून दे बाप्पू. पुढच्या साली दुसरी." एका खिडकीसाठी अकरा किलोमीटर जायचं म्हणजे डिझेलही निघत नाही. काका म्हणाले, जायचं. गेलो, तर ज्या खोलीत बसवायची तिच्यात छतापर्यंत कापूस भरलेला. भाव येईल म्हणून ठेवला होता. त्या कापसाला पाठ टेकवून मी ड्रिल मारलं. काकांनी बिडी बाहेर विझवली आणि पुन्हा पेटवली नाही, दिवसभर. संध्याकाळी अंगाला अशी खाज सुटली की नदीवर जाऊन डुंबावं वाटलं. त्या एका खिडकीने एक गोष्ट शिकवली: आपल्या भागात ट्रॅकमध्ये कापसाचा पिंजा जातो, बेअरिंगला गुंडाळतो आणि पल्ला अडतो. तेव्हापासून आमचे पल्ले वर उचलून काढता येतील असेच असतात. खाणींच्या बाजूला पिंज्याऐवजी कोळशाची धूळ, पण इलाज तोच.

मावशी दरवर्षी आल्या. पाच वर्षांत पाच खिडक्या.

आणि मग २०११.

एका संस्थेची मोठी इमारत उभी राहत होती. संस्थेचं नाव घेत नाही, तालुक्यातल्या लोकांना ठाऊक आहे. ११२ खिडक्या, सहा बाय चार, चौरस फुटाला १९० रुपये. हिशेब करून पाहा, पाच लाख दहा हजार सातशे वीस. आमच्यासाठी ती लॉटरी होती. दीड लाख अॅडव्हान्स मिळाला. बाकी माल नागपूरच्या व्यापाऱ्याने माझ्या शब्दावर उधार दिला. फेब्रुवारीत मापं घेतली, एप्रिल-मेमध्ये बसवल्या. चार पोरं, मी आणि काका. काकांना तेव्हा जिना चढताना दम लागायचा, पण ओळंबा दुसऱ्याच्या हातात देत नव्हते.

जुलैत फोन आला, खिडक्या सरकत नाहीत. ऑगस्टमध्ये निम्म्या अडल्या. आम्ही गेलो. उंबऱ्यापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत भिंतीला तिरपी चीर. कर्ण मोजला. फेब्रुवारीत माझ्या वहीत दोन्ही कर्ण सारखे लिहिलेले होते, सात फूट दोन इंच चार सूत. आता दोघांत काही ठिकाणी पाच सुतांचा फरक. चौकोनी भोक पतंगासारखं तिरपं झालं होतं. तुम्ही या धंद्यात असाल तर पुढचं सांगायला नको. इमारत भारी काळ्या जमिनीवर होती आणि पाया उथळ. ही जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते आणि पाऊस पडला की फुगते, ती भिंतीला उचलते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी खाली फुगीर कांदा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे पायाखाली खोल जाणारे खांब, काढल्या, तेही आता किती वर्षं झाली. पण ते सांगायचं ठेकेदाराला, मला नव्हे.

मी वही दाखवली. ठेकेदार म्हणाला, वही तूच लिहिली ना. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "जर्मनच्या खिडक्या अशाच असतात." बारा वर्षांनी तोच शब्द. बाकी तीन लाख साठ हजार सातशे वीस रुपये थांबवले.

दुरुस्तीचं काम कोणाला मिळालं? समोरच्यांना. समोरचे म्हणजे आमच्याकडेच तीन वर्षं काम शिकून रस्त्याच्या पलीकडे दुकान टाकलेले गृहस्थ. त्यांनी काय केलं, प्रत्येक पल्ल्याची वरची बाजू तीन सूत कापली. खिडक्या सरकायला लागल्या. टाळ्या, नारळ, फोटो. गावात बोलणं सुरू झालं, याचं काम कच्चं होतं, त्याने सुधारलं. दिवाळीत माझ्याकडे दोन ऑर्डर होत्या. नागपूरचा व्यापारी दर सोमवारी फोन करायचा, आणि मी फोन मुलीच्या हातात देऊन 'बाबा शेतात गेले' म्हणायला लावायचो. आमच्याकडे शेत नाही.

पुढच्या मे महिन्यात जमीन सुकली, भिंत परत खाली बसली, भोक पुन्हा चौकोनी झालं. कापलेल्या पल्ल्यांना वरच्या ट्रॅकमध्ये धरायला काही उरलं नाही. एका संध्याकाळी वावटळ सुटली आणि दुसऱ्या मजल्यावरून दोन पल्ले खाली आले. सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं. मी जाऊन पाहिले. कापलेली कड नुसती कानसही मारलेली नव्हती.

पैसे मिळाले नाहीत. माफी तर सोडाच. काका त्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत विचारायचे, त्याहीनं दिले का रे पैसे.

२०११ च्या त्या दिवाळीआधी मावशी आल्या होत्या. कापसाची पट्टी, पिशवी, सगळं नेहमीचं. मी म्हणालो, मावशी, यंदा कोणती खिडकी? त्यांनी पाच हजार तीनशे वीस मोजून गल्ल्यावर ठेवले. "दोन्हीचे धर. एक आता बसव, दुसरीची खोली बांधली की सांगतो." दुसरी खोली तेव्हा जागेवर नव्हतीच, फक्त पाया होता. कोणीतरी त्यांना माझं सांगितलं असणार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या पैशांत मी व्यापाऱ्याला पहिला हप्ता पाठवला. उरलेलं कर्ज फिटायला चार वर्षं लागली.

त्यानंतर बरंच काही झालं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. काम चाललं. नोटाबंदी झाली, जीएसटी आला, एक पोरगा हिशेबाला ठेवला. दोन-तीन शोरूमना एसीपीचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, पॅनल लावून पाहिले, त्यात मजा आली, पण उंचीवर चढायला आता गुडघे नाहीत. लॉकडाऊनमध्ये तीन महिने कटरवर धूळ बसली. मग मालाच्या भावाने घाम फोडला. २०२० च्या एप्रिलात लंडनच्या बाजारात अॅल्युमिनियम टनाला १,५०० डॉलरच्या खाली होतं, २०२२ च्या मार्चात ४,००० च्या वर गेलं, आणि मी जुन्या दरात घेतलेली ऑर्डर जुन्याच दरात पूर्ण केली. समोरच्यांनी काय केलं ते विचारू नका. बरं, विचारलंच तर सांगतो. सेक्शन पातळ केला. बाहेरून दिसत नाही. आम्ही माल किलोवर घेतो आणि तुम्हाला चौरस फुटावर विकतो, या दोहोंच्या मधे सगळी चलाखी राहते. म्हणून घर बांधणाऱ्यांनो, दर विचारण्याआधी एक फूट सेक्शनचा तुकडा मागून घ्या आणि किराणा दुकानात वजन करून घ्या. देणार नाही म्हणाला तर तिथून उठा.

आणि लिहितोच आहे तर हेही. प्लास्टरआधी खिडकी बसवू नका. खिडकीच्या खालचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला मिस्त्रीला उभं राहून सांगा, तो आत ठेवतोच. खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं बाहेरून आहेत का पाहा. पाऊस आत येतो तेव्हा लोक काचेला दोष देतात, दहातल्या आठ वेळा ती भोकं बुजलेली किंवा पाडलेलीच नसतात. सिलिकॉनला सिरक्यासारखा वास येत असेल तर तो भिंतीला लावू नका, न्यूट्रल मागा. संरक्षणाची निळी पट्टी काम झाल्यावर लगेच काढा. उन्हात महिनोन्महिने राहिली की तिचा गोंद भाजून निघतो आणि मग रॉकेलने घासत बसा.

माझ्या वहीत आता कर्णाच्या मापाखाली मिस्त्रीची सही असते. सही नाही तर कटर चालू करत नाही. लोक हसतात. तीन लाख साठ हजार सातशे वीस रुपयांची सही आहे ती.

गेल्या उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. सातव्या खिडकीच्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या. तेरा वर्षांनी. मी गेलो, ओळंबा घेऊन. त्यांनी दाराशीच विचारलं, वरून किती देऊ, आता त महाग झालं असन. मी म्हणालो, पैसे आले आहेत. रुंदी तीनदा, उंची तीनदा, दोन्ही कर्ण, मिस्त्रीची सही. भोक चांगलं होतं, एकाच सुताचा फरक. पण जमीन तीच काळी, पाया जुना आणि भिंत नवी. सांगितलं, मावशी, एक पावसाळा जाऊ द्या, मग बसवतो.

"तेरा वर्सं थांबली मी," म्हणाल्या, "एका पावसाळ्यानं काय होते बाप्पू."

ओपनिंगला त्यांनी पोतं बांधलं आहे. सेक्शन कापलेला नाही, दिवाळीत पुन्हा माप घेऊन कापेन.