तुम्ही विचारलंत म्हणून : देवाला गौरव कशाला हवं?

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासवर्गात दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा मागे थांबतो, बाकीचे गेले की जवळ येतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "देव सारखं माझं गौरव करा, माझं गौरव करा असं का म्हणतो? माणूस असं वागला तर आपण त्याला गर्विष्ठ म्हणू ना?" या प्रश्नात अश्रद्धा आहे असं मला कधीच वाटलं नाही. मी स्वतः दोन वर्षं हा शब्द उच्चारू शकत नव्हते. त्याविषयी पुढे सांगतेच, पण आधी शब्दाकडे पाहू.

आपली पहिली अडचण मराठीतलीच आहे. 'गौरव' म्हटलं की आपल्याला सत्कार आठवतो, व्यासपीठ आणि गौरवपत्र आठवतं. म्हणजे एकाने दुसऱ्याला द्यायची गोष्ट, आणि ती ज्याला मिळत नाही तो उणा. हा अर्थ मनात ठेवून पवित्र शास्त्र वाचलं की देव टाळ्यांची वाट पाहणारा वाटू लागतो. पण हा शब्द आला कुठून ते पाहा. गौरव हा 'गुरु'पासून झालेला शब्द, आणि गुरु म्हणजे मुळात जड. गौरव म्हणजे जडपणा, वजन; म्हणून तर त्याच्या उलट शब्द 'लाघव'. बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, हिब्रू भाषेत याच जागी 'कावोद' हा शब्द आहे आणि त्याचंही मूळ 'जड असणं' हेच आहे. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोघींनी मोठेपणासाठी तराजूच गाठला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. ('कावोद'साठी जुन्या कराराच्या ग्रीक अनुवादकांनी 'डॉक्सा' शब्द घेतला. त्याचा जुना अर्थ मत किंवा लौकिक असा होता. बायबलच्या दुसऱ्या, ग्रीकमधल्या भागात, म्हणजे नव्या करारात, तोच शब्द आला, पण हिब्रू वजन अंगात घेऊन.)

वजन कुणी देत नाही. ते असतं. आपण फार तर ते मान्य करतो किंवा करत नाही. एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ते आपल्या म्हणण्यामुळे आलेलं नसतं. म्हणून देवाचं गौरव करणं म्हणजे त्याच्यात काही भर घालणं नव्हे. जुन्या करारातल्या पन्नासाव्या स्तोत्रात देव जवळपास हेच सांगतो: मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे. गरजवंत असा बोलत नाही.

पण हे वजन कशाचं? सामर्थ्याचं, प्रकाशाचं, असं आपण पटकन म्हणतो. लहानपणी मलाही गौरव म्हणजे डोळे दिपवणारा उजेड वाटायचा. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे नेमकं हेच मागतो: तुझं गौरव मला दाखव. आणि देव उत्तर देतो की मी माझं सगळं चांगुलपण तुझ्यासमोरून नेईन आणि माझं नाव तुझ्यापुढे उच्चारीन. मागितलं गौरव आणि मिळालं चांगुलपण! पुढच्या अध्यायात ते नाव येतं: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया आणि सत्य यांनी भरलेला. हे कधी घडतं तेही विसरू नका. लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केली, देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्या, देवाशी झालेला करार मोडला, त्यानंतर. ज्या क्षणी देवाने या लोकांकडे पाठ फिरवली असती तरी कुणी त्याला दोष दिला नसता, त्या क्षणी तो आपलं गौरव उलगडून दाखवतो, आणि त्यात सर्वांत आधी दया निघते.

नव्या करारात येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत; त्यांतल्या योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हीच जोडी उचलली आहे असं मी मानते: शब्द (म्हणजे येशू) देही झाला, आम्ही त्याचं गौरव पाहिलं, तो अनुग्रह आणि सत्य यांनी परिपूर्ण होता. गंमत पाहा, बाकीचे तिघे, मत्तय, मार्क आणि लूक, डोंगरावर येशूचं रूप पालटून तेजस्वी झाल्याचं वर्णन करतात, योहान करत नाही. मग याने गौरव पाहिलं तरी कुठे? येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नात पाहिलं, मेलेल्या लाजराला येशूने उठवलं त्या कबरेपाशी पाहिलं, आणि शेवटी तिथे, जिथे कुणीच शोधलं नसतं. बाराव्या अध्यायात येशू म्हणतो, मनुष्याच्या पुत्राचं (म्हणजे त्याचं स्वतःचं) गौरव व्हायची वेळ आली आहे, आणि लगेच मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलू लागतो. तेराव्यात त्याला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदा भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर पडतो, रात्र असते, दार लागतं आणि येशूचे पहिले शब्द असे: आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव झालं आहे. विश्वासघात होऊन गेला आहे, वधस्तंभ काही तासांवर आहे, आणि तो 'आता' म्हणतो.

आता माझी दोन वर्षं. माझा धाकटा भाऊ आजारी होता आणि त्यातून उठला नाही. त्याच्या अंत्यविधीनंतर घरात माणसं येतात, तशी आली, आणि एकाने माझा हात धरून सांगितलं, "रडू नकोस, हे देवाच्या गौरवासाठी झालं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, वचनही शास्त्रातलंच होतं. पण त्या दिवशी माझ्या मनात एक हिशेब उभा राहिला: देवाच्या नावलौकिकासाठी माझा भाऊ खर्ची पडला. त्यानंतर येशूने शिकवलेल्या, प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी सगळे 'राज्य, पराक्रम आणि गौरव' म्हणत, तेव्हा मी 'पराक्रम'पर्यंत यायचे आणि तोंड मिटायचे. (जुन्यात जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही हे मला माहीत होतं. त्याचा आधार घेऊन मी स्वतःची समजूत घालायचे.)

ते वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं आहे. हा आजार देवाच्या गौरवासाठी आहे, असं येशू लाजराबद्दल म्हणतो. मला ते परत वाचायचंच नव्हतं. वाचलं ते वर्गात दुसऱ्या कुणाला शिकवायचं होतं म्हणून, आणि तेव्हा अध्याय पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. जो हे बोलला तो कबरेकडे जाताना रडला. 'रडू नका' असं त्याने लाजराच्या बहिणींना, मार्थेला, सांगितलं नाही, मरीयेलाही नाही. लाजर बाहेर आला, आणि त्याच गोष्टीमुळे यहुदी पुढाऱ्यांची सभा भरली आणि त्या दिवसापासून येशूला जिवे मारण्याची मसलत सुरू झाली. म्हणजे 'गौरवासाठी' या शब्दाची किंमत लाजराने चुकवली नाही. ती बोलणाऱ्याने चुकवली. कुणा दुसऱ्याला खर्ची घालून आपलं नाव वाढवणारा देव मी मनात उभा केला होता. या अध्यायातला देव तसा नव्हता. माझा भाऊ का गेला याचं उत्तर मला त्यात मिळालं नाही, आजही नाही. पण तो खोटा हिशेब तेवढा पुसला गेला.

तुमच्यातल्या काहींना जुन्या करारातला संदेष्टा यशया आठवला असेल: मी माझं गौरव दुसऱ्याला देणार नाही. बेचाळिसावा अध्याय. तो कठोर वाटतो, खरंय. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला चेपलेला बोरू न मोडणारा, मिणमिणती वात न विझवणारा सेवक आहे. आणि योहान सतराव्यात येशू पित्याला म्हणतो, जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ जे गौरव माझं होतं ते आता मला दे. पुढे म्हणतो, तू मला दिलेलं गौरव मी यांना, म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना, दिलं आहे. पुत्र हा पित्याला 'दुसरा' नाही, म्हणून यशयाचं वचन मोडत नाही. पण पुत्राच्या मागोमाग ते आपल्यापर्यंतही येतं. जो आपलं गौरव असं वाटून टाकतो त्याला गर्विष्ठ कसं म्हणायचं, ते मला कळत नाही.

येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला दुसऱ्या पत्रात लिहितो की आताचं संकट हलकं आहे आणि ते आपल्यासाठी सार्वकालिक गौरवाचा भार तयार करत आहे. हलकं आणि भार: गौरव आणि लाघव. ग्रीकमध्ये लिहिताना त्याच्या कानात हिब्रू वाजत असणार. माझं दुःख मला त्या वेळी हलकं लागलं नव्हतं, आणि कुणी ते हलकं आहे असं मला सांगितलेलं मी सहन केलं नसतं. पौल आपल्या स्वतःच्या संकटांबद्दल बोलत होता, म्हणून त्याचं ऐकलं.

परवा वर्गानंतर एक मुलगी मागे थांबली. तिने हाच प्रश्न विचारला, मी हेच थोडं तुटक सांगितलं. तिचं पूर्ण समाधान झालं असं वाटलं नाही. मग आम्ही दोघींनी प्रार्थना केली आणि शेवटच्या ओळीपाशी आलो, तेव्हा 'पराक्रम' म्हणून ती थांबली. मी पुढचा शब्द हळूच म्हटला. ती गप्प होती, आणि मी तिला घाई केली नाही.