थोडंसं डावीकडे

दुपारी डोक्यावरून सुखोई गेलं. आम्ही पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या अंगालाच राहतो, त्यामुळे बोलता बोलता अर्धा मिनिट थांबायचं आणि तेच वाक्य पुढे सुरू करायचं, ही घरात सगळ्यांची सवय. नेमकं तेव्हाच टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं, मी जॉयस्टिकच्या काठीने उडवतो ते माझं सेसना १७२ त्याच लोहगावच्या धावपट्टीवर वेग घेता घेता डावीकडे सरकलं आणि गवतात जाऊन उभं राहिलं.

तसं ते गेले तीन महिने डावीकडेच जातंय आणि मला त्याचं कौतुक होतं. एका पंख्याचं विमान पूर्ण ताकद दिली की डावीकडे ओढतंच. वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्याने मागे ढकललेली हवा पीळ घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आपटते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. म्हणून उड्डाणाच्या वेळी थोडा उजवा रडर, म्हणजे शेपटीचं हलतं पातं थोडं उजवीकडे. हे मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं आहे. भाचीच्या नवऱ्याला तर दोनदा.

आज मात्र गवतात इंजिन बंद केलं, विमान गप्प उभं, तरी रडर आपला डावीकडेच. मनात पाल चुकचुकली. काठीचा मध्य जुळवायची, कॅलिब्रेशनची खिडकी उघडली. चौकटीतली अधिकची खूण बरोबर मध्यावर होती, पण रडर फिरवणाऱ्या मुठीच्या पिळाची पट्टी कुणी हात न लावता एका बाजूला सरकलेली, वर थरथरतही होती. म्हणजे तीन महिने मी ज्याला विमानशास्त्र समजत होतो, त्यात बराचसा कचरा होता.

यावर सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. डेडझोन, म्हणजे काठीच्या मध्याजवळची मुकी जागा, वाढवायचा, की मधली थरथर विमानाला कळतच नाही. मला डेडझोनचा मनापासून राग आहे. थोडं हलवलं तर काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. उतरताना शेवटच्या पन्नास फुटांत नेमकी ती मधलीच जागा लागते. अशा माणसांच्या हाताखाली मी तीस वर्षं नोकरी केली आहे. निदान खेळात तरी नको.

तेव्हा स्क्रूड्रायव्हर. तळाला सहा स्क्रू, सहावा स्टिकरखाली लपवलेला. मूठ उघडली आणि हसूच आलं. शर्टाच्या बटणाहून जरा मोठा, तीन तारा जोडलेला पोटेन्शिओमीटर. म्हणजे शेवटी रेडिओच्या आवाजाचं बटणच! तोच कार्बनचा पट्टा, त्यावरून घासत जाणारी तीच पत्र्याची जीभ. तिकडे खरखर, इकडे थरथर.

आमच्याकडे सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांना ही खरखर ठरलेली. आवाज एकाच जागी नीट लागायचा, अलीकडे काही नाही, पलीकडे नुसता गोंगाट. बाबा समईची वात सारावी तसं ते बटण सारायचे आणि सापडलं की सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं. कुणी टेबलाला धक्का दिला की पावसाची बातमी गेलीच. मग एखाद्या रविवारी ते ट्रान्झिस्टर उघडत. खाली वर्तमानपत्र, त्यावर निघतील त्या क्रमाने स्क्रू मांडलेले, आणि ड्रॉपरमध्ये स्कूटरचं पेट्रोल. आतून आई ओरडायची, "अहो, इथे स्टोव्ह पेटलाय!" बाबा म्हणायचे, "दोनच थेंब गं." थेंब टाकून बटण इकडून तिकडे गरागरा फिरवायचे. घरभर पेट्रोलचा वास, पण पुढचे दोन महिने बातम्या स्वच्छ.

मी पेट्रोल वापरत नाही, प्लास्टिक खातं ते. कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक नळी फटीत घातली, दोन फवारे, आणि मूठ पन्नास वेळा इकडे, पन्नास वेळा तिकडे. काठीच्या सांध्यात जुन्या तेलाचा काळा चिखल होता. गेल्या वर्षी मीच शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. आठवडाभर काठी लोण्यासारखी फिरली आणि नंतर त्या तेलाने घरातली धूळ जमा केली. तो पुसून सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं. भाचीचा नवरा म्हणतो, "मामा, हॉल सेन्सरवाली घ्या. चुंबकावर चालते, काही घासत नाही, काही झिजत नाही." एडविन हॉलने तो परिणाम १८७९ सालीच दाखवून ठेवलाय, हे त्याने वर मलाच सांगितलं. बघू म्हटलं. काही झिजणारच नसेल तर मी उघडू काय?

सगळं परत बसवलं, कॅलिब्रेशन केलं. पट्टी मध्यावर, निश्चल. पुन्हा लोहगाव, धावपट्टी १०, पूर्ण ताकद.

विमान डावीकडे गेलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी, पण गेलं. उजवीकडे हलकासा पीळ दिला आणि ५५ नॉट्सला चाकं उचलली. भाचीच्या नवऱ्याला फोन करून सगळं खरं सांगणार होतो, पण डावीकडे जातंच आहे म्हटल्यावर राहू दे.

"अहो, आता कुठे निघालात?"

"कोल्हापूर. तासाभरात पोचतो."

"चहा गाळलाय."

हडपसरवरून परत वळलो.