लॅम्ब होमचं चॅपल, १:७२ : आतल्या विटा काढून टाकल्या

मंडळी, लॅम्ब होम बेटावरच्या चॅपलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचं, १:७२ प्रमाणातलं मॉडेल मी करतोय. त्याची आतली भिंत पूर्ण झाली असं मागच्या वेळी कळवलं होतं. ती रविवारी सोलून काढली. उठावाच्या विटांची प्लास्टिक शीट नीट चिकटली होती, प्रायमर झाला होता, सांध्यांत राखाडी वॉशही (पातळ केलेला रंग) बसला होता. दिसायला सुरेख होती, पण मुळात चुकीची होती.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत आणि त्यांच्या कुशीत स्कापा फ्लो, ब्रिटिश आरमाराचा तेव्हाचा तळ. १४ ऑक्टोबर १९३९ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कर्क साउंडच्या चिंचोळ्या वाटेनं आत शिरलेल्या जर्मन पाणबुडी यू-४७ नं रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली. ८०० हून अधिक माणसं गेली. मग चर्चिलनी पूर्वेकडच्या समुद्री वाटा बांध घालून कायमच्या बुजवायचं ठरवलं. त्या कामासाठी उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी १९४२ साली आणले गेले. त्यांतले साडेपाचशेच्या आसपास लॅम्ब होम या टीचभर बेटावर, कॅम्प ६० या छावणीत होते.

दिवसभर काँक्रीटचे पाच-पाच, दहा-दहा टनांचे ठोकळे ओतणाऱ्या या माणसांनी प्रार्थनेसाठी जागा मागितली. मिळाल्या दोन निसन हट, म्हणजे नालीदार पत्र्याच्या अर्धगोल शेड. त्या टोकाला टोक लावून जोडल्या आणि आतून प्लास्टरबोर्ड ठोकला. इटलीतल्या मोएना गावच्या दोमेनिको किओकेत्ती या कैद्यानं त्या सपाट बोर्डावर विटा आणि कोरीव दगड रंगवले. नुसते रंगवले! प्रत्येक विटेची सावली ब्रशची आहे. मी तिथे खरा उठाव दिला होता, म्हणजे त्याची सगळी करामतच पुसून टाकली होती.

आता गुळगुळीत ०.५ मिमी शीट वाकवून बसवली आहे. विटा ट्रिपल झीरो, म्हणजे अगदी बारीक, ब्रशनं काढतोय: आधी फिकट बदामी थर, मग खालच्या कडेला गडद रेघ, वरच्या कडेला उजळ. प्रकाश दाराकडून येतो असं धरलंय आणि तो नियम मोडत नाही. तासाला दोन ओळी होतात. रेघ जराशी जाड झाली की वीट लगेच सपाट दिसायला लागते. हे करताना त्या माणसाच्या हाताबद्दलचा आदर रोज वाढतोय.

वेदीपुढची लोखंडी जाळी पालुंबी नावाच्या लोहार कैद्यानं घडवली होती. तिच्यासाठी पुण्याच्या तापकीर गल्लीतून मोटर वाइंडिंगची तांब्याची तार आणली. फोटोवरून काढलेल्या नकाशावर टाचण्या रोवून तार वळवतोय, तरी दोन्ही बाजू अजून सारख्या येत नाहीत. कंदील मात्र पहिल्या फटक्यात जमले. खरे कंदील बुली बीफच्या (खारवलेल्या गोमांसाच्या) डब्यांचे होते, म्हणून मीही कोल्ड्रिंकच्या कॅनचाच पत्रा कापला.

बाहेरचा पत्रा स्वयंपाकाच्या फॉइलचा, विणायच्या सुया शेजारी शेजारी चिकटवून त्यावर दाबलेला. दर्शनी भाग काँक्रीटचा: खांब, कमान, वर घंटेचा मनोरा, आणि कमानीवर लाल मातीत घडवलेला ख्रिस्ताचा चेहरा. पण बाजूला गेलं की तीच पत्र्याची शेड. काही मित्रांनी सुचवलं की मॉडेल भिंतीला लावून ठेव, मागची बाजू कशाला करतोस. मला हे पटत नाही. मागून शेड दिसलीच पाहिजे. युद्धानंतर छावणी पाडली गेली, चॅपल मात्र राखलं गेलं. म्हणजे त्या छावणीच्या पत्र्यातलं उरलेलं हेच आहे.

तळपाटाच्या कडेला बांधाचा तुकडाही घेतोय. दहा टनी ठोकळा घन धरला तर बाजू साधारण १.६ मीटर, आपल्या स्केलला २२ मिमी. असे चाळीस प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतून झालेत. बांधाच्या कडांना हे मोठे ठोकळे लाटा फोडण्यासाठी वेडेवाकडे टाकलेले असतात, त्यामुळे रांगेत लावायचा मोह टाळतोय.

बाप्तिस्म्याचं पात्र अजून हातात घेतलेलं नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये बाकीचे कैदी बेट सोडून गेले तेव्हा किओकेत्ती तेवढं पूर्ण करायला मागे राहिला होता. माझंही ते शेवटीच होईल. त्याआधी विटांच्या एकोणीस ओळी बाकी आहेत, आणि काँक्रीटचा खरखरीतपणा या स्केलला कुणी चाळलेल्या बेकिंग सोड्यानं आणला असेल तर प्रमाण जरूर सांगा.